मागे कोण बसतं

उधना, सुरत
१४ सप्टेंबर २०२५, रविवार

तीर्थस्वरूप हिलालभाऊ यांस,

कुंदन आणि सौ. वर्षा यांचा शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, गायत्रीला अनेक आशीर्वाद. मायना आपल्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत घोटून घेतला होता तसाच लिहिला आहे. पुढचं मात्र कोणी शिकवलेलं नाही, त्यामुळे जमेल तसं लिहितो.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडता वहिनींकडे सरकवशील, हे मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगतो, हे पत्र नाही. ही गाडीची चिठ्ठी आहे. तुझ्या गॅरेजच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं असायचं, तक्रार लिहून द्या, चावी बांधून द्या. आणि खाली ते चार प्रश्न. बोलताना माणूस सहज खोटं बोलतो, लिहिताना त्याला थांबावं लागतं, असं तू प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचास. आणि चिठ्ठी आली की गाडी बघायची, मग ती दुश्मनाची का असेना, असंही म्हणायचास. चौदा महिने तू माझा फोन उचलला नाहीस, तेव्हा मी सध्या त्याच यादीत असणार. म्हणून चिठ्ठी लिहितो आहे.

आई मजेत आहे. तुझा रोज सकाळी आठला फोन असतोच, तेव्हा मी वेगळं काय सांगणार. हल्ली ती घरातच असते. वर्षाची शिकवणी चालू आहे, आता सातवीपर्यंतची पोरं घेते. माझं हजीऱ्याला प्लँटमध्ये तेच, आठवडा दिवसपाळी, आठवडा दुपारपाळी. तुझ्या गायत्रीचं लग्न डिसेंबरात ठरल्याचं आईकडून कळलं. फार बरं वाटलं. आम्हाला बोलावशील का, ते मात्र मी आईला विचारलं नाही.

आता तुझे प्रश्न.

पहिला, गाडी कोणती आणि किती चालली. तीच लाल. एक लिटरची टर्बो पेट्रोल. अडीच वर्षांत बेचाळीस हजार किलोमीटर. रोज उधना ते हजीरा आणि परत, म्हणजे छप्पन किलोमीटर, रविवार सोडून. इंजिनाची काही तक्रार नाही, त्याबाबतीत तुझा धाकटा भाऊ चुकला नव्हता. दोन हजारांच्या पुढे काटा गेला की टर्बो जागा होतो आणि पाठ सीटला चिकटते. मगदल्ल्याच्या पुलावर ट्रक मागे टाकताना अजूनही मजा येते. येत होती.

दुसरा, काय होतं. गाडी आपटते. मागची बाजू जास्त. तुला आठवतंच, त्या गाड्या सजवणाऱ्यांच्या दुकानातून मी आखूड स्प्रिंगा घालून आणल्या, गाडी चार बोटं खाली आली, वर सतरा इंची चाकं आणि पापडासारखे टायर. जंपर मात्र मूळचेच ठेवले. ते लोक शॉकॲब्सॉर्बर म्हणतात, आपल्या तोंडी जंपरच. तू चाक आणि पत्र्याच्या मधे हात घालून बघितलास, दोन बोटं आत गेली नाहीत, आणि म्हणालास, ही स्प्रिंग या जंपरची नाही, काढून टाक. त्यावर मी काय बोललो ते मला आठवतं. चार टेंपोवाल्यांसमोर म्हणालो, तू टेंपोचे स्प्रिंगपाटे बदलणारा माणूस, तुला टर्बोतलं काय कळतं. तू हात पुसलेस आणि आत गेलास. पुढच्या महिन्यात रस्ता रुंद करायला गॅरेजची जागा गेली आणि तू वहिनींच्या गावी शहाद्याला गेलास. मला कळलं ते आईकडून.

तिसरा, कुठे होतं आणि कोणत्या वेगाला. पुलाच्या सांध्यांवर साठच्या वेगाला खट्खट् ऐकू येतं, ते चालेल. काँक्रीटच्या रस्त्यावर गाडी थरथरते, तेही चालेल. पण स्पीडब्रेकरवर चाळीसला, आणि त्याच वेळी पाय ॲक्सिलेटरवर असेल आणि टर्बोने उचल घेतली असेल तर, नाक वर होतं, मागचा भाग आधीच दबतो आणि खाली जाऊन रबरावर बसतो. रबरावर म्हणजे दगडावरच म्हण. तो आवाज तू ऐकलास तर तुला लगेच कळेल.

दुकानवाले म्हणतात कॉइलओव्हर घाला, उंची आणि कडकपणा दोन्ही हवं तसं फिरवता येतं. प्लँटमधला ललित म्हणतो, याच स्प्रिंगांना जुळतील असे आखूड, कडक जंपर घाल. इंटरनेटवर एकजण सांगतो, स्प्रिंग मूळची, जंपर गॅसचे, आणि वळणावर गाडी झुकू नये म्हणून खाली एक जाड अँटी-रोल बार. मी तिन्ही वाचून वाचून डोक्याचा भुगा करून घेतला आहे. तू सांग. मला गाडी वळणावर आता किती चिकटते त्याचं काही नाही. मागची बाजू किती मऊ करता येईल, तेवढं लिही. अगदी मऊ. पाच तासांचा रस्ता असेल आणि एकही हबका बसता कामा नये, असं धरून लिही.

चौथा, गाडीत कोण कुठे बसतं. मी एकटाच जातो-येतो.

चावी बांधलेली नाही. गाडी रोज लागते.

उत्तर एका ओळीचं आलं तरी चालेल.

तुझा,
कुंदन

•

शहादा
२० सप्टेंबर

चि. कुंदन,

चिठ्ठी मिळाली. एकटा बसणारा माणूस मागची बाजू मऊ कर म्हणत नाही. आणि एकट्याच्या गाडीसाठी तू मला लिहिणार नाहीस.

मागे कोण बसतं?

हिलाल

•

उधना, सुरत
२८ सप्टेंबर २०२५, रविवार

हिलालभाऊ,

मागे आई बसते.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन आलो. खाली नवरात्राचा मंडप आहे, पोरं दिवे लावताहेत, एकजण माईकवर हॅलो हॅलो करतो आहे. जग आपलं चालूच आहे, याचं मला दीड महिना नवल वाटतं आहे. मी कामावर जातो, रीडिंग घेतो, डबा खातो, आणि मधेच हातातला घास तसाच राहतो.

आईच्या पाठीचे दोन मणके चेपले आहेत. माझ्या गाडीत. गाडी मी चालवत होतो.

तू उठून उभा राहिला असशील. बस. पूर्ण वाच, मग काय करायचं ते कर. ती धोक्यात नाही, पाय हलतात, बोटं हलतात. डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं आहे. कमरेपासून छातीपर्यंत पट्टा, औषध, आणि झोपून राहणं. आता दिवसातून तीन वेळा धरून उठवतो, घरातल्या घरात चालवतो. पण तू रोज सकाळी आठला फोन करतोस तेव्हा ती आडवी असते. फोन वर्षा तिच्या कानाशी धरते. तू विचारतोस काय चाललंय, ती म्हणते, "भाजी निवडी राहिनू." मी शेजारी उभा असतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता ती सांगेल. तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली की हिलालला कळलं तर तुमचं दोघांचं कायमचं तुटेल, म्हणून तू तोंड उघडायचं नाही. मी उघडलं नाही. मला सोयीचंच होतं ते.

आता कसं झालं ते लिहितो. तुझा तिसरा प्रश्न, कुठे आणि कोणत्या वेगाला.

श्रावणात आपल्याकडे कानबाई बसली. तू नव्हतास. आईने प्रत्येकाच्या नावाने मूठमूठ गहू मोजले तेव्हा तुझ्या नावाचेही मोजले, मोठा म्हणून सगळ्यांत आधी. सोमवारी सकाळी कानबाई तापीवर विसर्जनाला न्यायची होती. दरवर्षी आपण भाऊबंदांच्या टेंपोत नेतो, बाया टेंपोत बसून गाणी म्हणतात. यंदा मी म्हणालो, आपली कानबाई टर्बोत जाईल. सगळे हसले. मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. चाकं शॅम्पूने धुतली, आरशाला झेंडूचा हार घातला.

आई मागे बसली, डाव्या चाकाच्या बरोबर वर. मांडीवर पाट, पाटावर कानबाई, नारळाला नथ, डोळे, नवी चोळी. दोन्ही हातांनी पाट घट्ट धरलेला. पट्टा लावला नाही, कारण मांडीवर पाट होता. वरच्या कडीला धरलं नाही, कारण हात मोकळे नव्हते. पाट बाजूच्या सीटवर ठेव असं मी म्हणालो नाही, आणि म्हणालो असतो तरी तिने ऐकलं नसतं. देवीला कोणी सीटवर ठेवत नाही. वर्षा मागच्या टेंपोत बायांबरोबर होती.

टेंपोत ढोल होता. तो टेंपो आम्हाला ओलांडायला बघत होता. मला वाटलं, कानबाई पुढे राहायला हवी. एवढंच वाटलं, भाऊ. पाय दाबला. टर्बोने उचल घेतली. समोर झाडाची सावली होती आणि सावलीत सोसायटीच्या लोकांनी स्वतःच बांधलेला, रंग न लावलेला उंच बंप. ब्रेकवर पाय जायच्या आत पुढची चाकं गेली, मग मागची.

दोन आवाज झाले. एक रबराचा, तो मला ओळखीचा होता. दुसरा कशाचा होता ते मला त्या दिवशी कळलं नाही.

आई फक्त म्हणाली, "कानबाई माय." हळूच. ओरडली नाही. मांडीवर देवी होती, कशी ओरडेल. मी आरशात बघितलं. पाट तसाच सरळ होता, नथसुद्धा हलली नव्हती. मी विचारलं, "माय, कशी शे गाडी?"

ती म्हणाली, "भारी शे. हळू चालाव जरा."

हे मी तिला नेहमी विचारायचो. गाडी घेतल्या दिवसापासून, प्रत्येक वेळी, आरशात बघून. आणि ती नेहमी भारी शे म्हणायची. गंमत अशी की दुसरं काही उत्तर येऊ शकतं, हे मला कधी सुचलंच नाही.

घाटावर ती उतरली. पाण्यात उतरून आरती केली. वाळू आणली, ती सगळ्यांना प्रसाद म्हणून वाटली. परत येताना टेंपोत बसते म्हणाली, बायांबरोबर गाणी म्हणायची आहेत. मी रुसलो, भाऊ. खरंच रुसलो. म्हटलं, बघ, तिला माझ्या गाडीचं कौतुकच नाही.

पुढचे आठ दिवस ती भाकऱ्या थापत होती. जमिनीवर बसली की उठायला भिंत धरायची, वात आहे म्हणायची, तेल चोळून घ्यायची. नवव्या दिवशी सकाळी तिला कूस बदलता आली नाही. तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी तिच्याकडून कधी ऐकलेला नव्हता, बाबा गेले तेव्हाही नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि गुजरातीत विचारलं, बा कधी पडल्या. आम्ही म्हटलं, पडल्या नाहीत. ते म्हणाले, मग गाडीत, रिक्षात मोठा हबका बसला होता का? या वयात हाडं ठिसूळ असतात, बसल्या जागी मणका चेपतो.

मी म्हणालो, नाही.

विचार करून नाही म्हणालो असं नाही. तोंडातून निघून गेलं. वर्षाने माझ्याकडे बघितलं आणि परत एक्स-रेकडे बघितलं. आणि मग डॉक्टरांनी बोट ठेवलं आणि सांगितलं की हा एक मणका ताजा आहे, पण हा वरचा जुना आहे, तीन-चार महिन्यांचा. तो कधीचा? मी टेबलाची कड धरली, बाकी कोणाला दिसलं नसेल.

जुना मणका आखाजीचा, म्हणजे एप्रिलअखेरचा आहे. आईने ते वर्षाला सांगितलं, मला नाही. आखाजीला मंगलाआत्याकडे बमरोलीला चाललो होतो, मिलच्या रस्त्यावर एका खड्ड्यात गाडी बसली होती. तेव्हाही मी विचारलं असणार कशी शे गाडी, आणि तेव्हाही ती भारी शे म्हणाली असणार. मधले तीन महिने ती मोडक्या पाठीने माझ्या गाडीत बसत होती. वर्षाने तिला विचारलं, सांगितलं का नाही. ती म्हणाली, "पोऱ्यानी हौशीनं लियेल शे गाडी. काय सांगू त्याले?"

भाऊ, मी चौतीस वर्षांचा आहे. प्लँटमध्ये शंभर मीटरवरच्या पाइपातला दाब काट्यावर वाचतो. एक पॉइंट इकडचा तिकडे झाला की मला घंटा ऐकू येते. आणि माझी आई माझ्यामागे तीन फुटांवर बसली होती.

तुझी चार ओळींची चिठ्ठी मंगळवारी आली. मागे कोण बसतं. ती खिशात घेऊन मी तीन दिवस फिरलो. मग काल सकाळी ललितला बोलावलं आणि त्याच्या हातात चावी दिली. तू गिऱ्हाइकाला गाडी चालवायला लावायचास आणि स्वतः मागे, चाकाच्या वर बसायचास. म्हणायचास, चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, त्याला आधी दिसतं, त्याचं अंग आधीच तयार असतं. हबका मागच्याला विचारा. आम्ही तुझी नक्कल करायचो, हिलालशेठ मागे बसले की गिऱ्हाइकाला ड्रायव्हर करतात म्हणून.

मी घरातला तोच पाट मांडीवर घेतला. डाव्या चाकाच्या वर बसलो. पट्टा न लावता, दोन्ही हात पाटाला. ललितला सांगितलं, तोच बंप, चाळीस, पाय दाबून.

अडीच वर्षांत मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर पहिल्यांदाच बसलो होतो.

मला माहीत होतं बंप येणार आहे. मोजत होतो. तरी तो खालून आला तेव्हा दातावर दात आपटले, पाट मांडीवरून उचलला गेला आणि पाठीच्या कण्यातून एक खिळा वर ठोकल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. आणि ललितने आरशात बघून विचारलं, "कशी वाटली?"

मी म्हणालो, ठीक आहे.

कानांनी ऐकलं मी ते. माझाच आवाज. ललितचं मन राखायला म्हणालो, तो बिचारा दुपारपाळीच्या आधी मुद्दाम आला होता. मग मी गाडी थांबवायला सांगितली, उतरलो आणि रस्त्याच्या कडेला बसलो. ललितला वाटलं मला उलटी होते आहे. रडत होतो. भर रस्त्यात, मांडीवर पाट घेऊन.

आता जे राहिलं आहे ते लिहायचं नव्हतं. याच्यासाठी मी हे पान दोनदा फाडलं. वाचून तुला वाटेल, मी माझं ओझं तुझ्या डोक्यावर ठेवतो आहे. तसं नाही. चूक माझी आहे, पूर्ण माझी. पण चौथा प्रश्न कोण कुठे बसतं असा आहे, आणि अर्धं उत्तर म्हणजे परत खोटंच.

काल दुसऱ्या फेरीला मी पुढच्या सीटवर बसलो, ललितच्या शेजारी. तोच बंप, तोच वेग. हबका बसला, पण निम्मासुद्धा नाही. त्या सोमवारी ती सीट रिकामी होती, भाऊ. कानबाई न्यायची, घरची एकटी बाई गाडीत, आणि पुढची सीट रिकामी. गाडी घेतल्या दिवसापासून ती रिकामीच असते. आई तिथे कधीच बसली नाही. मी सुरुवातीला दोनदा म्हणालो होतो, माय, पुढे बस, हवा लागते. ती म्हणाली, "ती हिलालनी जागा शे." मोठा मुलगा पुढे, बाबांच्या जागी. भांडणानंतर तू माझ्या गाडीत बसणार नाहीस हे तिला माहीत होतं, तरी ती जागा ती धरून ठेवत होती. मी नाद सोडला. मलाही रागच होता, म्हटलं राहू दे त्याची जागा रिकामी.

पहिल्या पत्रात मी पाच तासांच्या रस्त्याचं लिहिलं ते याच्यासाठी. गायत्रीच्या लग्नाला तिला यायचं आहे. डॉक्टर म्हणतात, तीन महिने झाले की पट्टा बांधून नेता येईल, पण हबका अजिबात नको आणि पुढची सीट मागे कलती करून त्यावर न्या. वर्षा म्हणाली, मोठी गाडी भाड्याने घेऊ. आई ऐकत नाही. म्हणते, दुसऱ्या गाडीतून गेले तर शहाद्यात सगळे विचारतील कुंदनच्या गाडीला काय झालं, आणि मग सगळं बाहेर येईल. म्हणून जाईन तर याच गाडीतून. आणि मागेच बसेन. मी हात जोडले, डॉक्टरांनी सांगितलं, वर्षाने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिचं एकच, ती जागा हिलालची.

परवापासून मी कंपनीच्या बसने जातो. गाडी घरासमोर झाकून ठेवली आहे. स्प्रिंगा अजून त्याच आहेत. त्या दुकानात मला परत जायचं नाही आणि स्प्रिंगा दुसऱ्या कोणाच्या हातून काढायच्या नाहीत. मूळच्या स्प्रिंगा मी तेव्हा भंगारात टाकायला काढल्या होत्या, त्या पोटमाळ्यावर सापडल्या, आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेल्या. ती म्हणाली, हिलालने आणून दिल्या होत्या, सांगून गेला होता की कधीतरी लागतील, टाकू नको. म्हणजे आपलं भांडण झालं त्या दिवशीसुद्धा तू त्या उचलून ठेवल्या होत्यास. मला आज कळलं.

जंपर कोणते घ्यायचे, टायर किती जाड, बार घालायचा की नाही, ते तू ठरव. मी एक शब्द बोलणार नाही. गाडी वळणावर बोटीसारखी झुकली तरी चालेल. पण तू ये. रागाने ये, मला शिव्या देत ये, माझ्याशी न बोलता ये. हबका राहिला आहे का ते बघायला तुला मागे बसावंच लागेल, तुझ्या नेहमीच्या जागी, चाकाच्या वर. तू मागे बसलास की आई पुढे बसेल. दुसऱ्या कोणाच्या सांगण्याने ती बसणार नाही.

हे लिहिताना तिने खाटेवरून विचारलं, कोणाला लिहितोस. मी सांगितलं, भाऊला, आणि सगळं लिहिलं. मला वाटलं ती चिडेल. ती छताकडे बघत म्हणाली, "त्याले लिख, सकायले फोन नको करू. ये."

चावी या कागदाला बांधली आहे. दुसरी घरात नाही.

गाडी उभी आहे.

तक्रार लिहून देणार,
कुंदन भाईदास बोरसे